चार खोटे तराजू आणि हॅम्बर्गचा रविवार

सागवानी दांडीचे चार तराजू. जुन्या पितळी पराती कापून, ठोकून काढलेली आठ पारडी. झिजलेल्या कानशी घासून केलेल्या चार पोलादी धारा, ज्यांच्यावर दांडी डुलते. चार काटे, चोवीस साखळ्या, आठ हूक. ते सगळं बसेल अशा चार लाकडी पेट्या. एकास एक मापाचा हाताने काढलेला नकाशा, आणि ज्या बॅगेतून हा संसार जर्मनीला गेला तिची नवी चाकं. एवढं सगळं मी माझ्या हाताने केलं. पेट्यांच्या आतलं गोधडीचं अस्तर मंदाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी शिवलं, म्हणून ते या यादीत धरलेलं नाही. वजनंही विकतची, कारण ती सरकारी शिक्क्याचीच लागतात.

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागे माझं तराजू दुरुस्तीचं दुकान आहे. शिक्षण दहावी. हे काम मला कुणी शिकवलं नाही. निरीक्षकाने नापास केलेले तराजू भंगारातून आणायचे, उघडायचे आणि ते का नापास झाले ते शोधायचं, अशी माझी शाळा. आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आले. म्हणून गेली आठ वर्षं मी शाळांसाठी खोटे तराजू बनवतो.

हो, खोटे. डावीकडची दांडी दोनशे चार मिलिमीटर, उजवीकडची दोनशे. डावं पारडं बेताने हलकं. त्यामुळे रिकामा तराजू अगदी सरळ उभा राहतो, कुणाला शंका येत नाही. माल टाकला की खोटं बोलायला लागतो. डावीकडे अर्धा किलो ठेवा, उजवीकडे पाचशे दहा ग्रॅम लागतात. मुलांनी लबाडी पकडायची आणि मग त्याच लबाड तराजूवर खरं वजन काढून दाखवायचं. नकाशा मी मागेल त्या शिक्षकाला फुकट देतो. जतच्या एका गुरुजींनी तर दांडी बांबूची केली.

दोन वर्षांपूर्वी हॅम्बर्गच्या फ्राउ लेंत्स नावाच्या गणिताच्या बाई आमच्याकडची एक शाळा बघायला आल्या, तराजू बघितला आणि नकाशा घेऊन गेल्या. यंदा त्यांचं पत्र आलं: हॅम्बर्गला शिक्षकांची परिषद आहे, हाताने बनवलेल्या साधनांवर. या, चाळीस मिनिटं तुमची. माझं तिकीट त्यांचं. खाली आणखी एक ओळ होती. शाळांना साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीचे लोक तराजू बघायला येणार आहेत. आवडला तर विकत घेण्याची बोलणी करतील.

मंदाने ती ओळ दोनदा वाचायला लावली. "अहो, म्हणजे दुकानावर स्लॅब पडेल." आमच्या दुकानावर पत्रा आहे आणि तो गळतो.

माझी धाकटी बहीण शुभा बारा वर्षं स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला राहते. तेव्हा ठरलं: मंदाचं तिकीट आपल्या खर्चाने काढायचं, आधी बहिणीकडे, मग सगळ्यांनी मिळून हॅम्बर्ग.

गुरुवार: मुंबई ते गेर्लिंगेन

व्हिसासाठी दोन महिने आधी लागा. प्रवासाचा विमा विसरू नका, त्याशिवाय अर्जच घेत नाहीत. चेक-इन बॅग मी दुकानात तोलली होती: बावीस किलो आठशे. विमानतळावरच्या काट्याने बावीस आठशेच दाखवलं. विमानतळाचा काटा बरोबर आहे.

सुरक्षा तपासणीवाल्याने पेटी उघडायला लावली. "ये क्या है?"

"तराजू."

"सोना तोलने का?"

"नहीं, झूठ तोलने का," मी म्हणालो. मंदाने कोपराने ढोसलं. त्याने पेटी बंद केली आणि आम्हाला सोडलं.

फ्रँकफर्ट विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून स्टुटगार्ट सव्वा तास. तिकीट महिनाभर आधी काढलं तर जवळजवळ निम्म्यात मिळतं. स्टुटगार्ट स्टेशनचं बांधकाम चालू आहे, त्यामुळे फलाटापासून बाहेरपर्यंत बरंच चालावं लागतं. नव्या चाकांनी तिथे मान राखला. पुढे यू-सहा ट्राम शेवटच्या थांब्यापर्यंत. तो थांबा गेर्लिंगेन.

दारात शुभा, तिची अकरा वर्षांची ईरा आणि आमचे दाजी, नितीनराव. दाजी एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत मोजमापाच्या विभागात आहेत. त्यांची मापं मिलिमीटरच्या हजाराव्या भागात चालतात. माणूस अत्यंत सज्जन, वाकून नमस्कार करणारा.

ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. मामी म्हणाली, "ईरा, किती उंच झालीस गं!" त्यावर ती काहीतरी बोलली आणि शुभा हसायला लागली.

"काय म्हणते?"

"म्हणते, मामी लहान झाली."

जेवताना दाजींनी विचारलं, "दादा, पेट्यांत काय आहे?"

"तराजू. शाळेसाठी," मी म्हणालो आणि थांबलो. लबाडीचं गुपित सोमवारी परिषदेतच सगळ्यांसमोर फोडायचं असं माझ्या मनात होतं. शुभालाही सांगितलेलं नव्हतं. ही माझी हौस पुढे मला चांगलीच भोवली.

शुक्रवार: स्टुटगार्ट

दाजी म्हणाले, "तुम्ही सगळे फिरून या, ईराच्या शाळेला सुट्टीच आहे. मला होम ऑफिस आहे, आणि खाली केलरमध्ये थोडं काम." केलर म्हणजे तळघर. दाजींच्या तळघरात ड्रिल, लेथ, व्हर्निअर सगळं आहे; मी सकाळीच बघून आलो होतो आणि मनातल्या मनात जळलो होतो.

स्टुटगार्ट म्हणजे वाटीत वसलेलं गाव. कडेने डोंगर, डोंगरावर द्राक्षमळे, आणि घरांच्या मधून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या. आम्ही एका ठिकाणी दोनशे सत्त्याण्णव पायऱ्या चढलो. मंदा म्हणाली ज्योतिबाला यापेक्षा सोपं. मारिएनप्लात्झवरून दातेरी चाकांची गाडी टेकडीवर जाते, ती चुकवू नका. साध्या शहरी तिकिटावर चालते. दात रुळांच्या मधल्या पट्टीत कसे बसतात ते बघायला मी खाली वाकलो तर चालकाने घंटा वाजवली. किलेसबर्गच्या बागेत तारांवर तोललेला एक मनोरा आहे. वर गेलं की पायाखाली हलतो. ईरा मुद्दाम उड्या मारत होती.

खायला लोणी लावलेला ब्रेत्झेल, म्हणजे गाठ मारलेला खारा पाव, अडीच युरोच्या आत. शाकाहारी माणसाला केझश्पेट्झलं, म्हणजे चीज घातलेल्या शेवया. मंदाने अर्ध्या खाल्ल्या आणि पर्समधून लसणाची चटणी काढून उरलेल्या अर्ध्या चवीने संपवल्या.

संध्याकाळी परतलो तर चारही पेट्या दारात, पट्टे बांधून तयार. "दादा, नीट पॅक केल्यात. आता हॅम्बर्गपर्यंत उघडूच नका," दाजी म्हणाले. बहिणीला चांगलं घर मिळालं, असं मी मंदाला म्हणालोसुद्धा.

शनिवार: हॅम्बर्ग

दाजींना सुट्टी नव्हती. आम्ही चौघं निघालो. साडेपाच तासांची गाडी. सगळ्यांनी आधी घाबरवलं होतं, पण आमची वेळेवर सुटली आणि वेळेवर पोचली. सोबत धपाटे आणि दही. आल्टोना भागात दोन खोल्यांचं घर चार रात्रींसाठी घेतलं होतं, हॉटेलपेक्षा स्वस्त पडलं आणि स्वयंपाकघर मिळालं. भिंतीवर घराचे नियम लावले होते, एकोणीस. पाऊस होताच. इथल्या लोकांचं पावसाकडे लक्ष नसतं. छत्री उघडली की आपण पाहुणे आहोत हे कळतं.

रविवार

हॅम्बर्गला जाणार असाल तर रविवारी पहाटे उठून फिशमार्क्ट गाठा. साडेनऊला सगळं आवरतं. मासे, केळी, झाडांच्या कुंड्या, आणि ट्रकवर उभं राहून घसा फोडणारे विक्रेते. एकाने दहा युरोत फळांची अख्खी टोपली दिली. मंदा म्हणाली, "भाषा कळत नाही, पण बाई, हा आपल्या मंडईतलाच." मी प्रत्येक गाड्यावरचा काटा बघत होतो. सगळ्यांवर तपासणीचा शिक्का होता. एका मासेवाल्याला वाटलं मी अधिकारी आहे. त्याने काटा पुसला.

तिथून चालत जुना एल्बे बोगदा. शंभर वर्षांहून जुना, नदीच्या पोटातून पलीकडे जातो, पायी फुकट. मोठाल्या लिफ्टने खाली उतरायचं. भिंतीवरच्या फरशांवर मासे आणि खेकडे कोरलेत.

दुपारी घरी येऊन वरणभात खाल्ला आणि उद्याच्या तयारीला बसलो. तराजू नेला की आदल्या दिवशी तपासायचा, हा माझा नेम. डाव्या पारड्यात अर्धा किलो, उजव्यात अर्धा किलो.

काटा सरळ उभा.

तीस वर्षं लोक माझ्याकडे काटा सरळ करून घ्यायला येतात. त्या दिवशी सरळ काटा बघून मी वजनं काढून पुन्हा ठेवली. दुसरा लावला, सरळ. तिसरा, चौथा, सरळ. भिंग लावून बघितलं: डावा हूक चार मिलिमीटर आत सरकवलेला, जुनं भोक लाकडाच्या भुकटीने इतकं सुंदर बुजवलेलं की मीसुद्धा आधी फसलो. हलक्या पारड्याखाली पितळी चकती चिकटवून पासंग काढलेला, म्हणजे दोन्ही पारड्यांचं वजन सारखं केलेलं.

मी फोन लावला. "दाजी, तराजूंना हात लावलात?"

पलीकडून अगदी हळू आवाजात, "दादा, रागावू नका. शुक्रवारी सहज मापं घेतली. चारही दांड्यांत चार-चार मिलिमीटरचा फरक होता. म्हटलं, एवढ्या लांब आलेत, परक्या लोकांत शोभा नको. तुमची चूक चारचौघांत कशी काढायची? म्हणून गुपचूप—"

"चूक? चारही दांड्यांत एकाच जागी, एकाच मापाची चूक? दाजी, माझ्या हातून अर्ध्या मिलिमीटरची चूक राहत नाही. तो फरक मी ठेवलाय!"

"ठेवलाय? म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम!"

"आल्झो..." दाजी म्हणाले, म्हणजे आपलं 'हं, तर मग'. मग माझ्यावरच आलं. "पण दादा, तुम्ही सांगितलं का नाहीत?"

मी फोन मंदाकडे दिला.

उद्या अकरा वाजता साठ शिक्षक आणि कंपनीचे लोक बसणार, आणि मी त्यांना चार खरे तराजू दाखवणार! खरे तराजू तर काय, कुठल्याही दुकानात मिळतात.

"ड्रिल आणू या कुठून तरी," मी म्हणालो.

शुभाने भिंतीवरच्या नियमांवर बोट ठेवलं. "दादा, रविवार आहे. दुकानं बंद. आणि ड्रिल मिळालं तरी लावू नकोस, आज आवाज केला तर शेजारी पोलिसांना बोलावतील."

"ठोकलं तर?"

"तेही नाही."

"कानस?"

"हळू."

माझ्याजवळ पक्कड, कानस आणि स्क्रू-ड्रायव्हर होते. भोक पाडता येणार नव्हतं, तेव्हा पितळी हूकच बाहेरच्या बाजूला चार मिलिमीटर वाकवायचा ठरवलं. पितळ थंड असताना वाकवलं तर तुटतं. शेगडी काचेची, ज्वाळा नाही. मग मेणबत्तीवर धरून, फडक्यात पकडून, केसाकेसाने. पहिल्याला दोन तास लागले. पासंगाची चकती ब्लेडने सोडवली. दाजींनी लावलेला गोंद म्हणजे काय सांगू, त्या माणसाने जीव ओतला होता.

ईरा समोर बसून बघत होती. "वारूम?" म्हणाली. म्हणजे 'का?'

"का म्हणजे? तराजू खोटा करतोय."

तिने शुभाकडे बघून जर्मनमध्ये एक लांब वाक्य टाकलं. शुभा म्हणाली, "ती विचारते, पप्पांनी दुरुस्त केलं ते मामा मोडतोय, आणि तरी मामाच का चिडलाय?"

मंदा पोट धरून हसली. मी हसलो नाही, मोजत होतो.

दुसरा तराजू जमला. तिसऱ्याचा हूक तुटला. जवळ सुटे हूक दोनच होते, त्यांतला एक दाजींच्याच भोकात बसवला. तो तराजू खराच राहिला. चौथ्याला हात लावायचा धीर झाला नाही. दोन खोटे, दोन खरे. झोपताना मंदाला म्हणालो, "अर्धी लाज गेली."

"अर्धी राहिली की," ती म्हणाली.

सोमवार: परिषद

शाळेची जुनी विटांची इमारत, मोठ्या खिडक्या. परिषदेत एक बाई लोकरीच्या वेण्यांतून गुणाकार शिकवत होत्या, एक गृहस्थ सायकलच्या चाकातून त्रिकोणमिती. मला बरं वाटलं. सगळ्यांची नखं माझ्यासारखी, कामाने मोडलेली.

रात्रभर विचार करून मी एकच बदल केला होता: काहीही सांगायचं नाही. चार टेबलांवर चार तराजू ठेवले, प्रत्येक टेबलाला वाळू, वजनं आणि एक बटाटा. शुभाने माझं बोलणं जर्मनमध्ये सांगितलं. "बटाट्याचं खरं वजन सांगा. यातले काही तराजू खोटे आहेत. कुठले ते मी सांगणार नाही."

सांगलीत मी नेहमी खोटेच तराजू देतो. त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून मुलं म्हणतात, 'काकांचा तराजू आहे, म्हणजे खोटाच.' तपासण्याआधीच निकाल. इथे कुणालाच काही माहीत नव्हतं. दहाव्या मिनिटाला खोली तापली. खऱ्या तराजूवाले आपला तराजू खोटा आहे असं शपथेवर सांगत होते. एका खोट्या तराजूवाल्यांनी तर वजनंच खोटी ठरवली! शेवटी सुतारकामाच्या शाळेतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी बटाटा आणि वजनं यांची पारडी बदलली. काटा कलला. त्यांनी फक्त भुवया वर केल्या. मग त्यांच्याच टेबलाने पुढचं शोधलं: बटाट्यासमोर वाळू तोलायची, बटाटा काढायचा, त्याच पारड्यात वाळूला तोलतील इतकी वजनं ठेवायची. तराजू कितीही लबाड असो, वजन खरं येतं. टाळ्या पडल्या. चाळीस मिनिटांची सत्तर झाली आणि फ्राउ लेंत्सनी थांबवलं नाही.

दोन खरे, दोन खोटे हीच मांडणी चांगली आहे. आठ वर्षांत मला सुचली नव्हती. हे लिहायला मला कष्ट पडतात, पण मापात खोट नको.

मंगळवार: गोदामं आणि फेरी

कंपनीचे हेर ब्राँट (तिकडे 'हेर' म्हणजे श्रीयुत) यांनी श्पायखरश्टाटला कॉफीला बोलावलं. कालव्याच्या काठाने उभी लाल विटांची जुनी गोदामं, पूर्वी इथे कॉफी, मसाले, गालिचे उतरायचे. इथला फ्रांझब्रोटखेन, म्हणजे दालचिनीचा गोड पाव, नक्की खा.

हेर ब्राँट भला माणूस. तराजू त्यांना मनापासून आवडला होता. शुभा मध्ये बसली.

"फक्त दोन गोष्टी," ते म्हणाले. "आमच्या सूचीत खोटा तराजू ठेवता येत नाही. तेव्हा दांडीला एक स्क्रू देऊ आणि त्यावर खूण करू. शून्यावर खरा, एकवर खोटा. शिक्षकांना सोयीचं."

"खूण मुलांना दिसेल?"

"अर्थात. स्पष्ट."

"मग मुलं खूण वाचतील. तोलायचं कशाला?"

त्यांनी कॉफी ढवळली. "आणि दुसरी, हक्क आमच्याकडे आले की नकाशा वाटणं बंद करावं लागेल."

मग त्यांनी कागदावर आकडा लिहून कागद माझ्याकडे फिरवला. शुभाने तो वाचला आणि कॉफीचा कप खाली ठेवला. मी विचार करायला संध्याकाळपर्यंत वेळ मागितला.

दुपारी लांडुंग्जब्रुकनच्या धक्क्यावरून बासष्ट नंबरची फेरी घेतली. शहरी तिकिटावरच बंदर फिरून होतं; पर्यटकांच्या बोटीला वेगळे पैसे कशाला द्यायचे? पाच जणांपर्यंतचं दिवसभराचं ग्रुप तिकीट काढा. वरच्या मजल्यावर वारा इतका की मंदाने पदर डोक्याला बांधला. चाळीस मजली इमारत आडवी ठेवल्यासारखी कंटेनरची जहाजं बाजूने जात होती.

"मला विचाराल तर घ्या," ती म्हणाली.

"जतच्या गुरुजींना काय सांगू? तुमचा बांबू परत द्या?"

"त्यांच्या बांबूने आपला पत्रा गळायचा थांबतो का?"

मी जहाजावरचे कंटेनर मोजायला लागलो. दोन थांबे गेले. मग म्हणाली, "तुम्ही ठरवलंयच. उगाच मला विचारून पुण्य घेऊ नका." आणि ईराला घेऊन कठड्याशी गेली.

संध्याकाळी शुभाने माझा नकार जर्मनमध्ये लिहिला. मी एकेका वाक्याचा अर्थ विचारून घेतला. त्यात कुठे आगाऊपणा येऊ दिला नाही.

बुधवार आणि नंतर

गेर्लिंगेनला दाजी स्टेशनवर उभे, चेहरा उतरलेला. शुभाने फोनवर सगळं सांगितलं होतंच. "दादा, माझ्यामुळे—"

"दाजी, तुमच्यामुळे परिषद जिंकली," मी म्हणालो. "नव्या नकाशात दोन खरे, दोन खोटे. खऱ्या दांडीचं माप तुमचं. खाली नाव घालतो."

"गेनाऊ... म्हणजे नेमकं किती ठेवायचं? दोनशे पूर्णांक...?"

"दोनशे. शाळेतली मुलं आहेत, दाजी."

दोन दिवस आम्ही केलरमध्ये बसून नवा नकाशा काढला. त्यांनी मला व्हर्निअर दिलं, मी घेतलं. निघताना ईरा मंदाला म्हणाली, "मामी, परत ये." चक्क मराठीत. मंदा विमानात फ्रँकफर्टपासून मुंबईपर्यंत हे सांगत होती, मलाच.

सांगलीत परतून तीन आठवडे झाले. नवे नकाशे सव्वीस शाळांना गेले, हॅम्बर्गच्या सुतार मास्तरांनीही एक मागवला. तसा आमचा हिशेब सरळ नाही. पावसाळा सुरू झालाय आणि दुकानात कामाच्या टेबलाशेजारी बादली ठेवलीय. मंदा अजून म्हणते घ्यायला हवे होते, आणि ती चुकीचं बोलते असं मला छातीठोक सांगता येत नाही. पण परवा कवठे महांकाळच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या वर्गात दोन दिवस भांडण चाललंय, कुठला खरा नि कुठला खोटा यावरून, आणि मुलं सुट्टीतही बाहेर जात नाहीत. मी त्यांना उत्तर सांगितलं नाही.

दुकानात येणारा प्रत्येक जण अडून अडून विचारतो, 'किती देत होते हो?' एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. स्क्रूवर खूण करायची, नकाशे बंद करायचे आणि तराजू त्यांच्या नावाने विकायचा, यासाठी त्यांनी बावीस हजार युरो देऊ केले होते. मी नाही म्हणालो. बावीस हजार.